आईचं घर आणि ट्रेलरचा ब्रेक

माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याला बरोबर लागेल अशा जागी एक काळी डबी बसवलेली आहे. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. तिच्यावर लाल आकडे उमटतात, कडेला एक चकती आहे आणि खाली एक दांडी. मी गाडीत बसताना रोज तिच्यावर गुडघा आपटते आणि रोज एक शब्द उच्चारते. आई मुख्याध्यापिका असताना हा शब्द कुणी वर्गात काढला असता तर दिवसभर दाराबाहेर उभा राहिला असता. या डबीला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर म्हणतात. नवऱ्याच्या मते आमच्या घरातली ही सगळ्यात विचारपूर्वक केलेली खरेदी. विचार त्याने केला, हे खरं आहे. पण ती घ्यावी लागली ती आईच्या हट्टामुळे.

आई नागपूरची. बाबा गेल्यापासून तिथल्या फ्लॅटमध्ये एकटी. मागच्या हिवाळ्यात ती बाथरूममध्ये पडली आणि कामाच्या मावशी येईपर्यंत तशीच पडून राहिली. मला फोनवर म्हणाली, "जरा घसरले." खरं काय झालं ते मावशींनी सांगितलं. हाड मोडलं नव्हतं, तेवढंच नशीब. मी एकुलती एक. विमान पकडलं, तिला घेऊन इकडे परदेशात, ईडन प्रेरीच्या आमच्या घरी आले आणि मनाशी पक्कं केलं की आता हिला परत पाठवायचं नाही. तिने मनाशी पक्कं केलं होतं की परतीच्या तिकिटावर जी तारीख आहे त्या तारखेला निघायचं. दोघी एकाच मातीच्या असल्यामुळे कुणीच कुणाला सरळ काही सांगितलं नाही. नुसते टोमणे.

तिची अडचण एकच होती. हे जावयाचं घर.

आता माझ्या आईने आयुष्यात काय काय सोडलं ते ऐका. आम्ही बौद्ध. उपास नाही, मुहूर्त नाही, पत्रिका नाही. शाळेत कुणी सत्यनारायण घालायचं म्हटलं तर ही म्हणायची, आधी संडासाला दार बसवा. बाबांच्या मागे तेरावं-चौदावं काही केलं नाही, बुद्धवंदना झाली आणि मुलांना वह्या वाटल्या. एवढं सगळं झटकून टाकलेली ही बाई, पण लेकीच्या घरी जास्त दिवस राहू नये, ही एक गोष्ट मात्र तिने घट्ट धरून ठेवली होती.

"सगळ्या रूढी सोडल्यास, हीच तेवढी कशाला ठेवलीस?" मी विचारायची.

"ही रूढी नाही," ती म्हणायची. "हा स्वभाव आहे."

तिची बॅग आमच्या घरात कधी उघडलीच नाही. म्हणजे उघडायची, रोजची साडी निघायची आणि परत चेन लागायची. कॉलेजला गेलेल्या मुलाची अख्खी खोली तिला दिली होती, कपाट रिकामं करून दिलं होतं. त्या कपाटात तिने एक रुमालसुद्धा ठेवला नाही. सकाळी उठून पांघरुणाच्या अशा घड्या घालायची की वाटावं, गेली बहुतेक. चहा प्यायली की कप लगेच धुवायची. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची. माझा नवरा पुण्याचा, सरळ माणूस, तिला चार वेळा म्हणाला, "आई, हे तुमचंच घर आहे." ती दरवेळी म्हणाली, "हो ना, जावईबापू." आणि कप धुवायला उठली.

एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अगं, घराच्या कागदावर माझंही नाव आहे, हप्ते मीही भरते, अर्धं घर माझं आहे.

"मग अर्ध्या घरात झोपते," आई म्हणाली. "तुझं एकटीचं असतं तर गोष्ट वेगळी होती."

ही गोष्ट ती सहज बोलली असेल. मी सहज ऐकली नाही. मला राग आला की मी काहीतरी विकत घेते, हा माझा जुना रोग आहे. त्या शनिवारी मी शेजारच्या गावात जाऊन एका म्हाताऱ्या जोडप्याकडून वापरलेला कॅम्पर घेऊन टाकला. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. आत दोन पलंग, शेगडी, इवलासा फ्रिज, बसायला बाक आणि विमानातल्यासारखं न्हाणीघर. तो स्वतः चालत नाही, गाडीमागे जोडून ओढायचा असतो. कागदावर फक्त माझं नाव. कागद आणून आईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, हे घर माझं एकटीचं. आता राहा.

आईने चष्मा लावून कागद वाचला. "चाकं आहेत याला," म्हणाली.

"असू देत. निघायच्या आधी एक ट्रिप तरी कर यातून माझ्यासोबत."

"एक करते," ती म्हणाली. "मग मला जाऊ दे."

म्हणजे माझ्या हातात एक ट्रिप होती. त्यात तिचं मन वळलं तर ठीक, नाहीतर ती जाणार आणि पुन्हा त्या बाथरूममध्ये एकटीच आंघोळ करणार. हे सगळं मला त्या डबीबद्दल सांगायचं होतं म्हणून सांगितलं. कारण कॅम्पर घरी आणायला गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्या काकांनी माझ्या गाडीत डोकं घातलं आणि विचारलं, ब्रेक कंट्रोलर कुठे आहे. मी म्हटलं, ते काय असतं. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि कॅम्पर स्वतःच आमच्या घरापर्यंत ओढत आणून दिला.

भानगड अशी आहे. ट्रेलर जरा वजनदार असला की गाडीच्या ब्रेकवर दोघांचं भागत नाही. म्हणून ट्रेलरच्या चाकांना वेगळे, विजेवर चालणारे ब्रेक असतात. पण ते आपणहून लागत नाहीत, कधी लागायचं आणि किती जोरात लागायचं हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायचं काम या डबीचं. तुम्ही पाय दाबलात की ती मागे निरोप धाडते.

नवऱ्याला हे कळल्यावर त्याच्या आयुष्यात नवा अर्थ आला. तो स्वतः ट्रेलर ओढणार नव्हता. साधं पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना त्याला घाम फुटतो. पण खरेदीचा अभ्यास म्हटला की त्याला तहानभूक लागत नाही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आला. व्हॉट्सॲपवर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपमध्ये प्रश्न गेला आणि ज्यांनी जन्मात सायकलला कॅरिअर लावलं नाही अशा सगळ्यांनी सल्ले दिले.

त्याने आम्हा दोघींना बसवून समजावलं ते एवढंच, की या डब्या मुळात दोन जातीच्या. एक स्वस्तातली. पाय दाबला की ती जरा थांबते आणि मग जेवढा ठरवून ठेवलाय तेवढाच ब्रेक मारते. समोर खार आली काय आणि ट्रक आला काय, तिला फरक नाही. दुसरी महागातली. तिला गाडीचा वेग किती झपकन कमी होतोय ते कळतं आणि त्या मानाने ती ट्रेलरला दाबते. हळू थांबलात तर हळू, करकचून थांबलात तर करकचून.

"पहिली म्हणजे आमच्या शाळेचे हेडक्लार्क," आई म्हणाली. "दुसरी घ्या."

एका वाक्यात निकाल लागला. नवऱ्याचा चेहरा पडला, त्याच्याकडे अजून बरंच सांगण्यासारखं होतं.

दुकानातल्या माणसाने डबी बसवून दिली. कुठे बसवू, असं त्याने विचारलं तेव्हा मी फोनवर ऑफिसची मीटिंग ऐकत होते आणि हाताने कुठेतरी दाखवलं. गुडघ्याची कथा तिथूनची. जाताजाता तो म्हणाला, चकती फिरवून ट्रेलरच्या ब्रेकचा जोर कमीजास्त होतो, त्याला गेन म्हणतात. तो तुमच्या सामानाच्या वजनाप्रमाणे लावून घ्या. मी मान डोलावली. मीटिंगमध्येही तेव्हाच मान डोलावली. नंतर कळलं की दोन्हीकडे मी काय कबूल केलं ते मला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही टेस्ट घेतली. पद्धत सोपी आहे. ट्रेलर जोडायचा, बेताच्या वेगात सरळ जायचं आणि पायाच्या ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, डबीची दांडी दाबायची. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलरने मागून गाडीला नीट धरून ठेवलं पाहिजे, पण त्याची चाकं जाम होऊन घसरता कामा नयेत. घसरली तर गेन कमी करायचा, धरलंच नाही तर वाढवायचा. नवरा बाहेर उभा राहून विमानतळावरच्या माणसासारखे हात करत होता. मी दांडी दाबली की चाकं किंचाळायची, तो दोन्ही हात खाली करायचा, मी चकती मागे घ्यायची. असं करत करत एक आकडा जमला. आई दुमडत्या खुर्चीवर बसून आम्हाला बघत शेंगदाणे खात होती.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. लोकांच्या चुका काढायचा पगार घेते. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, टेस्ट पास.

मग आईने सामान भरलं.

चार दिवसांची ट्रिप होती. वाटेत दुकानं आहेत, कॅम्पग्राउंडच्या बाहेर दुकान आहे, मी सांगून दमले. ती म्हणाली, "घर म्हणतेस ना? मग घरात दाणे नकोत?" ज्वारीचं पीठ, गव्हाचं पीठ, तांदळाचं मोठं पोतं, तुरीची डाळ, मसूर, पोह्यांचा डबा, तिखटाची बरणी, तेलाचा कॅन, दोन कुकर, लोखंडी तवा, पाटा-वरवंट्यातला फक्त वरवंटा, कारण पाटा इंडियन स्टोअरमध्ये मिळाला नाही. जावईबापूंनी बिचाऱ्यांनी एकेक उचलून आत ठेवलं. वर पाण्याची टाकी काठोकाठ भरली, कारण आईचा नळावर विश्वास नाही, कुठल्याच देशातल्या. मंडळातल्या एका काकू गाडीला बांधायला लिंबू-मिरची घेऊन आल्या. आईने हसून घेतली, थँक्यू म्हणाली आणि काकू वळल्यावर लिंबू भाजीच्या टोपलीत टाकलं, मिरच्या डब्यात.

निघायच्या आधी मी तिला ट्रेलर जोडताना दाखवत होते. जोडाच्या बाजूला एक बारीक तार असते, तिच्या टोकाला एक पिन. ती पिन ट्रेलरवरच्या छोट्या डबीत खोचलेली असते.

"हे काय?" आईने विचारलं.

म्हटलं, "समजा रस्त्यात ट्रेलर गाडीपासून सुटला. गाडी पुढे गेली की ही तार ताणली जाते, पिन उपसून येते, आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर. नाहीतर घरंगळत जाऊन कुणाच्या तरी अंगावर जाईल."

आई वाकून बराच वेळ त्या पिनेकडे बघत राहिली. "शहाणं आहे," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

आय-३५ महामार्गावरून उत्तरेकडे सगळं सपाट आहे. मी ऐटीत चालवत होते. आईला झाडं दाखवत होते, ती झाडांना नावं ठेवत होती. डलुथ गावाच्या अलीकडे रस्ता एका टेकडीवर चढतो आणि माथ्यावरून एकदम खाली सुपिरियर सरोवराचं पाणी दिसतं, समुद्रच म्हणायचा, पलीकडचा काठ नाही. आई म्हणाली, "अगं." बस्, तेवढंच. मला तेवढं पुरेसं होतं. मी मनात म्हटलं, वळतंय, मन वळतंय. आणि तिथून उतार सुरू झाला.

मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थोडी दबली आणि मग मागून कुणीतरी खांद्याने ढकलावं तशी पुढे सरकली. मी जास्त दाबला. पुन्हा ढकलली. समोर वळण, बाजूला ट्रक, खाली अख्खं गाव पसरलेलं, आणि आम्ही दोघी त्या गावावर चाल करून निघालेल्या.

"मागून कोण ढकलून राहिलं?" आई म्हणाली. घाबरली की तिचं शाळेतलं मराठी सुटतं आणि नागपूर बाहेर येतं.

"तुझे डबे," मी म्हटलं.

"माझे डबे काहून ढकलतील?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. हाताने दांडी चाचपली आणि दाबली. ट्रेलरने मागून धरलं, गाडी ताठ झाली, वेग उतरला. सोडली की परत ढकलायला लागायचा. अशी दाबत, सोडत, शिव्या देत मी खाली आले. आईने खिडकीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता, पण डोळे मिटले नव्हते. खाली पहिल्या एक्झिटला बाहेर पडले, एका पार्किंगमध्ये गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

मग आमचं जे भांडण झालं ते आजूबाजूच्यांना कळलं नाही हे बरं झालं.

"घराचं गोदाम करायला कुणी सांगितलं होतं?" मी ओरडले. "टेस्ट घेतली होती मी. रीतसर."

"कधी घेतली?"

"रविवारी. तू समोर होतीस."

"रविवारी यात काय होतं?"

काही नव्हतं. रविवारी कॅम्पर रिकामा होता. रिकाम्या ट्रेलरला थोडा गेन पुरतो, जास्त दिला की चाकं घसरतात. भरलेल्याला तो पुरत नाही. दुकानातल्या माणसाने नेमकं हेच सांगितलं होतं आणि मी मीटिंगला मान डोलावली होती. आमच्या धंद्यात हा विनोद जुना आहे, टेस्टमध्ये चालतं आणि खऱ्या माणसांच्या हातात गेलं की पडतं. दुसऱ्यांच्या चुकीवर मी हा विनोद किती वेळा केला असेल.

"पोरं घरी असताना वर्गाची शिस्त तपासली तुम्ही दोघांनी," आई म्हणाली. "शिस्त कशी दिसेल मग? उत्तमच दिसेल."

मी उतरून, हात पुसून, त्याच पार्किंगमध्ये गाडी फिरवून पुन्हा टेस्ट घेतली, पोती-डब्यांसकट. या वेळी हात करायला आई बाहेर उभी राहिली. तिचे इशारे नवऱ्यापेक्षा चांगले होते. प्रार्थनेच्या रांगा लावून सवय. आकडा बराच वर गेला. ट्रेलर बरोबर वागायला लागला. म्हणजे मी थांबले की तोही थांबायचा, ओढायचा नाही आणि ढकलायचाही नाही. एवढंच हवं असतं, पण तेवढ्यासाठी सगळं सामान आत असावं लागतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, घाबरलीस ना. ती म्हणाली, "घाबरले. पण एकटी नव्हते, म्हणून बरं वाटलं." आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली, जसं काही कुणी दुसरंच बोललं.

सरोवराच्या काठाने आणखी वर, झाडांमध्ये कॅम्पग्राउंडवर आमची जागा होती. कॅम्पर लावला, चाकांना पाचरी लावल्या. मी बाहेर पाण्याचा पाइप जोडत होते आणि आतून चेनचा आवाज आला. लांब, पूर्ण चेन. आत डोकावले तर आईने बॅग पलंगावर उघडून ठेवली होती आणि साड्या कपाटात लावत होती. खालच्या फळीवर बाबांचा फोटो, त्याच्या शेजारी तिच्या गोळ्यांची डबी. बाहेर येऊन पाइप पुन्हा सोडला आणि पुन्हा जोडला, हाताला काहीतरी काम हवं होतं.

ते चार दिवस आईने राज्य केलं. फ्रिज न विचारता उघडला. कप सिंकमध्ये तसाच ठेवला. मला म्हणाली, चपला बाहेर काढ, आत वाळू येते. शेजारच्या कॅम्परमधल्या गोऱ्या आजीला खुणेने बोलावून पोहे खायला घातले आणि तिखट लागल्यावर तिच्यासमोर साखरेची वाटी ठेवली. संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बाकावर बसायची. बाथरूमला जाताना दार लोटून घ्यायची, कडी लावायची नाही. मला ओरडून सांगायची, "मी आहे गं आत." मला ते फार आवडलं. नागपूरच्या त्या दिवशी तिने कुणाला सांगायचं होतं?

पण तिकिटाचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. शेवटच्या रात्री जेवताना मी म्हटलं, उद्या निघायचं. ती म्हणाली, "हो, निघायचं." ताटातला भात तिने संपवला नाही. मी भांडी घासताना इतकी आदळली की तिने आतून हाक मारून विचारलं, काय फोडलं.

सकाळी सगळं बांधलं. पाइप काढला, पाचरी काढल्या, गाडी जोडली, प्लग लावला, डबीवर लाल आकडे आले. आई बाहेर बाकावर चहाचा कप घेऊन बसली होती, सरोवराकडे तोंड करून. मी गाडीत बसले, गुडघा आपटला, शब्द उच्चारला, गिअर टाकला. गाडी हलेना. जरा रेटली तर मागून चाकं खडीवर खरडत आली.

उतरून बघितलं, पाचर राहिली का. नव्हती. गेन शून्यावर आणला. तसंच. प्लग काढला, फुंकर मारली, लावला. तसंच. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, थांब, मी इंटरनेटच्या फोरमवर बघतो. मी त्याला फोरमचं काय करायचं ते सांगितलं आणि फोन ठेवला. एवढ्या सगळ्या वेळात आई एका शब्दाने बोलली नाही. माझ्या आईने. जिला कुणी पेन चुकीचं धरलं तरी गप्प बसवत नाही.

तेव्हा मी जोडापाशी वाकले. तार लोंबत होती. तिच्या टोकाला पिन नव्हती. ट्रेलर स्वतःच स्वतःला धरून उभा होता.

मी आईकडे बघितलं. तिने कप खाली ठेवला आणि मूठ उघडली. पिन तिच्या हातात होती.

"तू काढलीस?"

"हो."

"काय करून राहिली तू, आई? बॅटरी उतरेल ना त्याची."

"तूच म्हणालीस," आई म्हणाली. "गाडी सोडून गेली की मागचं घरंगळू नये म्हणून हे असतं. तुझे बाबा गेले, मला असलं काही नव्हतं. तेव्हापासून घरंगळतेच आहे मी. तिथे फ्लॅटमध्ये, इथे तुमच्याकडे. इथे चार दिवस थांबल्यासारखं वाटलं." ती पुन्हा पाण्याकडे बघायला लागली. "मला जायचं नाही. तोंडाने म्हणता येईना, म्हणून काढली."

मी तिच्या शेजारी बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, पदर खराब करू नकोस, धुतलेला आहे. मग मी कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात जाऊन जागा आणखी काही दिवस मागून घेतली. पिन बसवायला उठले तर ती म्हणाली, बसव आता, काम झालं.

नवऱ्याचा फोन आलाच, फोरमवर काय सापडलं ते सांगायला. मी काही बोलायच्या आत आईने फोन माझ्या हातातून घेतला.

"जावईबापू," ती म्हणाली, "शनिवारी या आमच्याकडे. जेवायलाच या."

त्याने विचारलं, "येतो. काय घेऊन येऊ, आई?"

"काही नको," आई म्हणाली. "सासूच्या घरी जावई रिकाम्या हातानेच येतो."